गाडी सोडून बाकी सगळं

आमच्या मार्कंड्याला वैनगंगा उत्तरेकडे वाहते. नदीनं तोंड फिरवलं की ते तीर्थ होतं, बँकेच्या कारकुनानं फिरवलं की वरपर्यंत तक्रार जाते आणि मोटारीच्या शोरूमवाल्यानं फिरवलं की त्याला ‘वेटिंग’ म्हणतात. मी कारकून आहे, शिवाय बी.कॉम. आहे, त्यामुळे पहिल्या प्रकारच्या पुण्याचा मला अनुभव नाही. दुसऱ्या प्रकारच्या शिव्या रोज खातो. तिसऱ्याबद्दल मात्र आज मला भांडायचं आहे.

मार्कंडेयाची गोष्ट आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. सोळाच वर्षांचं आयुष्य घेऊन आलेला तो मुलगा शंकराच्या पिंडीला मिठी मारून बसला आणि यमाला परत पाठवून चिरंजीव झाला. लहानपणी मला ही भक्तीची गोष्ट वाटायची. ऑक्टोबर २०२१मध्ये गाडी बुक केल्यावर कळलं, की ही ग्राहकाची गोष्ट आहे. बुकिंग करणाऱ्याला दोनच वस्तू लागतात : मिठी मारायला काहीतरी आणि न संपणारं आयुष्य. मला मिठी मारायला फक्त पिवळी पावती मिळाली होती.

आमच्या घराण्याला रांगेची परंपरा आहे. बाबांनी १९७७ साली बजाज चेतक नोंदवली. तेव्हा पोस्टात खातं उघडून ठरलेली रक्कम ठेवायची आणि पासबुक डीलरच्या नावे तारण ठेवायचं, अशी रीत होती. स्कूटर आली १९८५ला. दरम्यान बाबांचं लग्न झालं, मी झालो, आणि २६ ऑगस्ट १९८२ला गडचिरोली जिल्हाही झाला. म्हणजे स्कूटर बुक केली चंद्रपूर जिल्ह्यात आणि ती मिळाली गडचिरोली जिल्ह्यात. आम्ही मात्र घराचा उंबरठाही बदलला नव्हता! बुकिंगच्या वेळी जो मुलगा हिशेबात नव्हता, तो डिलिव्हरीच्या वेळी हँडलला धरून पुढे उभा होता.

पण माझं म्हणणं ऐका. त्या टंचाईत एक सभ्यपणा होता. सरकारच कारखान्याला किती स्कूटर करायच्या ते ठरवून देत असे, जास्त केल्या तर गुन्हा. माल नव्हता हे सगळ्या गावाला माहीत होतं, आणि आठ वर्षं पोस्टातल्या पैशावरचं व्याज बाबांचंच होतं. ‘चला, आनंद अनुभवा’ म्हणून आम्हाला कुणी बोलावलं नव्हतं. डीलरच्या दुकानात एक फळा आणि एक बाक. फळ्यावर नंबर, बाकावर माणसं. बजाजची ती गाजलेली जाहिरात दूरदर्शनवर आली १९८९ला, बाजारात दुसरे स्पर्धक उतरल्यानंतर. माल आहे, मग जाहिरात आहे. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला असलेल्या पोरालाही हे पटेल.

आता माझं शोरूम पाहा. नाव घेत नाही. नाव घेण्यासारखं त्यांनी काही केलं नाही. चंद्रपूरला गेलो तर दारात फुगे, आत एसी, कॉफी, पेढे आणि टाय बांधलेला एक मुलगा. गाडी सोडून बाकी सगळं होतं. नाही म्हणायला, रिबीन बांधलेली एक उभी होती. हात लावायला गेलो तर मुलगा हळूच म्हणाला, “सर, ती गेलेली आहे.” मी नकळत हात जोडले.

आम्हाला सांगितलं, आठ ते दहा आठवडे. दहा झाले, वीस झाले. फोन केला की उत्तर यायचं, “सर, तुमची गाडी पाइपलाइनमध्ये आहे.” एवढी मोठी वस्तू पाइपात घातल्यावर अडकणारच, हे मला आधी सुचायला हवं होतं.

गंमत इथपर्यंत. गाडी घ्यायची होती ती बाबांसाठी. गुडघे गेलेले, दर महिन्याला चंद्रपूरच्या डॉक्टरांकडे तपासणी, आणि एसटीची पायरी चढवेना. आम्ही बुकिंग केलं आणि त्याच महिन्याच्या शेवटी एसटीचा संप सुरू झाला, तो एप्रिल २०२२पर्यंत. चढायला पायरीसुद्धा उरली नाही. दर महिन्याला जीप भाड्यानं ठरवायची, बाबांना पुढे बसवायचं आणि वाटेत सुरजागडचं लोहखनिज घेऊन निघालेले ट्रक मोजायचे. लोखंड आमच्या जिल्ह्यातून रोज जात होतं. त्याची झालेली एक गाडी परत इकडे यायला तयार नव्हती.

कुणी म्हणेल, डीलर बिचारा काय करणार? खरं आहे. २०२०च्या टाळेबंदीत मोटार कंपन्यांनी चिपच्या मागण्या रद्द केल्या, चिपवाल्यांनी तो माल लॅपटॉप-मोबाइलवाल्यांना दिला. मागणी परत आली तेव्हा ह्यांना रांगेत शेवटी उभं राहावं लागलं. फेब्रुवारी २०२१मध्ये टेक्सासच्या थंडीनं तिथले कारखाने बंद पाडले, मार्चमध्ये जपानात रेनेसासच्या कारखान्याला आग लागली. सप्टेंबरात तर मारुतीनंच जाहीर केलं, की ह्या महिन्यात नेहमीच्या ४० टक्क्यांच्या आसपासच गाड्या होतील. चंद्रपूरचा टायवाला मुलगा चिप कुठून आणणार? त्याचं कमिशनही गाडी गेल्यावरच. त्याच्याशी माझं भांडण नाही. तो मला पेढे देताना स्वतः उपाशी असावा.

माझं भांडण जाहिरातीशी आहे. माल संपला तेव्हा जाहिरात थांबायला हवी होती. ती थांबली नाही, तिनं वेष बदलला! पूर्वीच्या जाहिरातीत किंमत असायची, ‘त्वरित डिलिव्हरी’ असायची, सोन्याचं नाणं फुकट असायचं. आता डोंगर आला, पाऊस आला, भिजणारी मुलगी आणि गहिवरलेला बाप आला. किंमत गेली, तारीख गेली. आणि वाट पाहणं हाच मान झाला. ३० जुलै २०२२ला महिंद्राच्या स्कॉर्पिओ-एनची नोंदणी उघडली आणि अर्ध्या तासात १ लाख बुकिंग झाल्याचं कंपनीनं अभिमानानं सांगितलं. त्याच वर्षी डिसेंबरपर्यंत गाड्या द्यायच्या होत्या वीस हजार, हेही तिनंच सांगितलं होतं. खोटं काही नव्हतं. पण सगळीकडे गाजला तो लाख, वीस हजार नव्हे. अहो, १ लाख गाड्या खपल्या नव्हत्या, १ लाख माणसं रांगेत उभी राहिली होती! आमच्या शाखेत अर्ध्या तासात शंभर माणसं रांगेत उभी राहिली तर पेपरात ‘बँकेचा भोंगळ कारभार’ असा मथळा येतो.

बुकिंगचे होते २१ हजार. परत मिळणारे, कबूल. पण गुणाकार करायची माझी सवय जात नाही : २१० कोटी रुपये. वर्षभर बचत खात्यात ३ टक्क्यांनी ठेवले असते तरी ६ कोटी ३० लाख व्याज झालं असतं. बाबांना १९७७ साली, ज्या काळाला सगळे नावं ठेवतात त्या काळात, पोस्टानं जे दिलं ते मला २०२१ साली माझ्या पावतीवर मिळालं नाही. उलट मधल्या काळात गाडीची किंमत तीनदा वाढली आणि दर वेळी मला ‘कळवण्यात’ आलं.

हे माझं झालं. काउंटरवर मी दुसऱ्यांचंही पाहिलं. जिल्हा परिषदेच्या शाळेतले एक गुरुजी. सहा लाखांचं कर्ज, सात वर्षं, ७.२५ टक्क्यांनी मंजूर. गाडी येईना, मंजुरीची मुदत संपली. मे २०२२पासून रिझर्व्ह बँकेनं दर वाढवायला घेतला. ऑगस्टपर्यंत ४चा ५.४० झाला. गाडी आली तेव्हा आमचा दर ८.६५. हप्ता ९,१२९चा ९,५४७. महिन्याला ४१८ रुपये, ८४ हप्ते, एकूण ३५,११२. गुरुजींनी चूक काय केली? जाहिरातीवर विश्वास ठेवला आणि वेळेवर आले. आकडा सांगायला मात्र शोरूमचा मुलगा नव्हता, मी होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते मला अजून आठवतं.

लिहा ना जाहिरातीत! डोंगराच्या बाजूला, डोंगराएवढ्या अक्षरात : ‘गाडी अकरा महिन्यांनी, किंमत आजची, तुमच्या पैशावर व्याज.’ टोयोटानं ऑक्टोबर २०२२मध्ये जपानात सरळ सांगितलं, की चिप कमी आहेत, तूर्त एकच स्मार्ट किल्ली देतो, दुसरी साधी घ्या. कुणी आकाश कोसळवलं नाही. माणसाला एक किल्ली चालते हो, थाप चालत नाही.

आमची गाडी आली सप्टेंबर २०२२मध्ये. अकरा महिने मौन पाळलेल्या शोरूमचा फोन आला तो नेमका पितृपक्षात. “सर, तीन दिवसांत घ्या, नाहीतर पुढच्या नंबरला जाईल. आणि अॅक्सेसरीज, इन्शुरन्स आमच्याकडूनच.” विमा कुठूनही घेता येतो हे मला नियमासकट पाठ आहे, पण नियम बोलायला लागलो असतो तर गाडी परत पाइपात गेली असती. घरात पंचाईत. पितृपक्षात नवी वस्तू? बाबांनीच निकाल दिला, “घेऊन ये बाबू. पितरायची बी एखादी चक्कर होऊन जाईल.”

मग २०२४ उजाडलं आणि वारं फिरलं. ऑक्टोबरात डीलरांच्याच संघटनेनं सांगितलं, की ७ लाख ९० हजार गाड्या, ७९ हजार कोटींच्या, विकल्या न जाता उभ्या आहेत. लगेच जाहिरातीतला डोंगर गेला, गहिवरलेला बाप गेला, किंमत परत आली, सोन्याचं नाणंसुद्धा आलं. पुढच्या वर्षी २२ सप्टेंबरला लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर येणार म्हटल्यावर लोकांनी आधीचे काही आठवडे शोरूमकडे पाठ फिरवली. तेव्हा वाट पाहण्यातला मान डीलरांना मिळाला. मला वाईट वाटलं असं म्हणता येणार नाही.

त्याच दिवसांत माझा फोन वाजला. तेच शोरूम, नवा मुलगा.

“सर, गाडी रेडी स्टॉकमध्ये आहे. आजच घेऊन जा.”

बाबा ओसरीत पाय पसरून बसले होते. म्हणाले, “कोनाचा फोन होय?”

“शोरूमचा. गाडी आजच घेऊन जा म्हणतो.”

बाबांनी क्षणभर विचार केला. “त्याले सांग, आमचा नंबर लागून गेला. मागच्याले दे.”