‘जज करू नका’ हे मी अर्धवट शिकवलं



मागच्या एका बॅचमध्ये चहाच्या सुट्टीत प्लंबिंग मटेरियलचा एक दुकानदार माझ्याजवळ आला. आवाज अजिबात चढवला नाही त्याने, पण जे बोलला त्यानंतर मला चहा गोड लागला नाही.

"सर, तुमच्या व्हिडिओत तुम्ही सांगता, गिऱ्हाइकाला जज करू नका. माझ्याकडे एक नवीन कॉन्ट्रॅक्टर आला. त्याची दोन दुकानांत उधारी थकलीय असं कानावर आलं होतं. म्हटलं, जाऊ दे, सर म्हणतात जज करायचं नाही. माल दिला. आता 86 हजार अडकलेत आणि हा फोन उचलत नाही."

मी वाद घालू शकलो असतो. "मला तसं म्हणायचं नव्हतं" एवढं सांगून सुटलो असतो. पण घरी येऊन तो व्हिडिओ परत बघितला. मी खरंच तेच बोललो होतो, तेही तीन वेळा, आणि ‘जज’ म्हणजे काय हे एकदाही सांगितलं नव्हतं. म्हणून आजचा लेख.

माझं मत आधीच सांगून टाकतो. धंदा करायचा असेल तर जज करावंच लागतं. फक्त जज करणं म्हणजे नेमकं काय, हे नीट समजून घ्यावं लागतं.

एक शब्द, पाच कामं

आपण ‘जज’ हा शब्द इंग्रजीतून उचलला, पण त्याचा एकच अर्थ घरी आणला. इंग्रजीत हा शब्द निदान पाच कामं करतो.

पहिलं, कोर्टातला न्यायाधीश. शब्दाचं मूळही तिथलंच. लॅटिनमध्ये ‘युस’ म्हणजे कायदा, हक्क आणि ‘डिकेरे’ म्हणजे सांगणं. कायदा काय आहे ते सांगणारा, तो जज.

दुसरं, स्पर्धेचा परीक्षक. रांगोळी स्पर्धेला, एकांकिका स्पर्धेला आपण ‘जजेस’ बोलावतो ते हेच.

तिसरं, अंदाज घेणं. गाडी चालवताना समोरच्या ट्रकचं अंतर ‘जज’ करतो आपण. यात ना राग, ना लोभ. फक्त नजर आणि अनुभव.

चौथं, माहितीवरून मत बनवणं. ‘जजिंग बाय द सेल्स’ म्हणजे विक्रीचे आकडे बघता काय वाटतं ते.

आणि पाचवं, नावं ठेवणं. समोरच्याला कमी लेखणं, त्याच्यावर शिक्का मारून मोकळं होणं. ‘डोन्ट जज मी’ मध्ये हा अर्थ आहे.

आता गंमत बघा. रील्स, सिरियल्स आणि आमच्यासारखे ट्रेनर, सगळ्यांनी मिळून हा पाचवा अर्थच तुमच्या डोक्यात बसवला. मग ‘जज करू नका’ म्हटलं की ऐकणारा तिसरं आणि चौथं कामही बंद करतो. म्हणजे अंदाज घेणं बंद, माहितीवरून मत बनवणं बंद. त्या दुकानदाराचं नेमकं हेच झालं. त्याला नावं ठेवायची नव्हती, म्हणून त्याने चौकशीच केली नाही.

एकात शाबासकी, दुसऱ्यात तक्रार

याच शब्दापासून दोन शब्द निघतात. ‘ही हॅज गुड जजमेंट’ म्हणजे याला चांगली समज आहे, हा योग्य ते ठरवतो. ही शाबासकी. आणि ‘ही इज जजमेंटल’ म्हणजे हा पटकन लोकांना नावं ठेवतो. ही तक्रार. मूळ एकच, पण एका शब्दाने बढती मिळते आणि दुसऱ्याने माणसं तुटतात.

मोठ्या कंपनीकडून तुम्हाला मेल येतो, ‘प्लीज यूज युवर जजमेंट’. आपले काही लोक गोंधळतात, वाटतं आपल्याला काहीतरी सुनावलं. तसं नाही. त्याचा अर्थ, या बाबतीत लेखी नियम नाही, तुमच्या अनुभवाने ठरवा. हा तुमच्यावर टाकलेला विश्वास आहे, आणि जबाबदारीसुद्धा.

मराठीत आपल्याकडे यासाठी वेगळे शब्द आधीपासूनच आहेत. गुड जजमेंट म्हणजे पारख. जजमेंटल होणं म्हणजे नावं ठेवणं. ‘या माणसाला माणसांची पारख आहे’ आणि ‘हा माणूस सगळ्यांना नावं ठेवतो’ यात कुणाचा घोटाळा होईल का? नाही होणार. मी त्या व्हिडिओत ‘गिऱ्हाइकाला नावं ठेवू नका, पण पारख करा’ असं म्हटलं असतं, तर कदाचित ते 86 हजार वाचले असते.

पारख कशी करतात ते सोनाराकडून शिका. तो दागिन्याच्या चमकेवर जात नाही, आणि आणणाऱ्याच्या कपड्यांवरही जात नाही. कसोटीच्या दगडावर रेघ ओढतो, ॲसिड लावतो, माहितीतल्या सोन्याच्या रेघेशी ताडून बघतो. मग बोलतो. गिऱ्हाईक यावर रागावतं का? उलट, न तपासता भाव सांगणाऱ्या सोनाराचीच आपल्याला शंका येते.

शितावरून भात, पण भांडं एकच असेल तर

आपली म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. खरी आहे. पण ती का चालते? कारण सगळा भात एकाच भांड्यात, एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलाय. म्हणून एक शीत दाबलं तरी कळतं.

आपण काय करतो? एका गावचा एक माणूस पैसे बुडवून गेला की त्या गावाला उधारी बंद. एका आडनावाचा कामगार सांगून सुट्टी घेत नाही, की त्या आडनावाची माणसं नकोच. हे शितावरून भात नाही झालं. हे शेजारच्या घरातलं शीत दाबून आपल्या भाताबद्दल बोलणं झालं. माणसं एका भांड्यात शिजत नाहीत.

उलट बाजूही तेवढीच महाग पडते. गोड बोलणारा, गाडीतून उतरणारा, खिशाला चांगलं पेन लावलेला माणूस आला की आपण त्याचं क्रेडिट मनातल्या मनात वाढवतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1920 मध्येच हे मांडलं होतं. लष्करातले अधिकारी हाताखालच्या माणसांना गुण देताना एका चांगल्या गुणाच्या प्रभावात बाकीचे गुणही चढवून द्यायचे. याला ‘हेलो इफेक्ट’ म्हणतात. म्हणजे न तपासता चांगलं म्हणणं हीसुद्धा पारख न करण्याचीच दुसरी तऱ्हा.

आणि अनुभवी माणसाला हे लागू नाही असं समजू नका. डॅनियल कानेमन आणि त्यांच्या दोन सहलेखकांचं ‘नॉइझ’ हे पुस्तक 2021 मध्ये आलं. त्यात एका विमा कंपनीची गोष्ट आहे. एकच केस कंपनीतल्या वेगवेगळ्या अनुभवी लोकांना दिली आणि प्रीमियम ठरवायला सांगितलं. साहेबांना वाटलं होतं, दोघांच्या आकड्यांत दहाएक टक्के फरक पडेल. प्रत्यक्षात निम्म्या जोड्यांमध्ये फरक 55 टक्क्यांहून जास्त निघाला. रोज हेच काम करणारी माणसं होती ती. मग ‘मी माणूस बघूनच ओळखतो’ हे आपलं वाक्य किती खरं, ते तुम्हीच ठरवा.

कोर्टात जजमेंट कशाला म्हणतात?

इथे मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगायचीय.

आपल्याला वाटतं, जजमेंट म्हणजे निकाल. हरला की जिंकला. पण आपली दिवाणी प्रक्रिया संहिता 1908 ची, तिच्या कलम 2 मध्ये जजमेंटची व्याख्या आहे. न्यायाधीशाने हुकूमनाम्याची किंवा आदेशाची जी कारणं दिली, त्यांचं निवेदन म्हणजे जजमेंट. नुसता निकाल नाही, निकालामागची कारणं!

त्याच कायद्यात असंही सांगितलंय की जजमेंटमध्ये चार गोष्टी हव्यात. प्रकरणाची थोडक्यात हकीकत, ठरवायचे मुद्दे, त्यावरचा निर्णय आणि निर्णयाची कारणं. आणि हे सगळं दुसऱ्या बाजूला म्हणणं मांडायची संधी दिल्यानंतर.

म्हणजे बघा, ज्या शब्दाला आपण ‘न ऐकता मत बनवणं’ समजतो, त्याचा मूळ धंद्यातला अर्थ बरोबर उलटा आहे. ऐकून, मुद्दे मांडून, कारण देऊन ठरवणं. आपण जजमेंट देत नाही, थेट शिक्षा सुनावतो. आपली चूक तिथे आहे.

आता हे गल्ल्यावर आणू

एक साधी वही घ्या. तो कॉन्ट्रॅक्टर परत आलाय असं समजा.

हकीकत: नवीन गिऱ्हाईक, 86 हजारांचा माल, 30 दिवसांची उधारी मागतोय.

मुद्दे: आधीची थकबाकी खरी आहे का? साइट कुठे आहे, मालक कोण? जीएसटी नंबर चालू आहे का, रिटर्न भरलेत का? हे तर जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकून फुकट दिसतं.

दुसरी बाजू: त्यालाच विचारा. "साहेब, अमुक ठिकाणी तुमचं पेमेंट राहिलंय असं ऐकलं. काय झालं होतं?" प्रामाणिक माणूस या प्रश्नाने पळून जात नाही. कदाचित त्याचंच बिल वर अडकलं असेल. मग तो कागद दाखवेल.

निर्णय आणि कारण: पहिला माल रोखीने, पुढचा 20 हजारांपर्यंत उधार, पहिलं पेमेंट वेळेवर आलं तर मर्यादा वाढवू. कारण, एका दुकानदाराने थकबाकी खरी असल्याचं सांगितलं, पण साइट चालू आहे.

यात तुम्ही त्याला चोर म्हटलं का? नाही. डोळे मिटून माल दिला का? तेही नाही. माणसाचा निकाल लावला नाही, व्यवहाराचा लावला. आणि तीन महिन्यांनी वही उघडली की कळेल, आपली कारणं किती वेळा बरोबर ठरली. पारख अशीच वाढते. नुसते अनुभवाचे केस पांढरे होऊन वाढत नाही.

"सर, दुकानात गर्दी असते, एवढं कोण लिहिणार?" हा प्रश्न येणारच. त्याचंही उत्तर कायद्यात आहे. लघुवाद न्यायालयाच्या जजमेंटला मुद्दे आणि त्यावरचा निर्णय, एवढंही पुरतं. लहान केसला लहान कागद. तुम्हीही तुमचा आकडा ठरवा. पाच हजारांच्या आत डोक्यात ठरवा, पाच हजारांच्या वर दोन ओळी, 25 हजारांच्या वर पूर्ण चार मुद्दे. हेच माणूस कामावर ठेवताना, काढताना, सप्लायर बदलताना. विशेषतः काढताना. कुणाची रोजीरोटी आपल्या एका मूडवर जायला नको.

त्या दुकानदाराला मी फोन केला आणि माझी चूक मान्य केली. वसुलीसाठी काय काय करता येईल, ते आम्ही दोघं मिळून बघतोय. पैसे येतील की नाही, आज सांगता येत नाही. जुन्या व्हिडिओचं शीर्षक मात्र बदललंय. आता ते असं आहे: ‘गिऱ्हाइकाला नावं ठेवू नका, पारख जरूर करा’.

आजचा होमवर्क एवढाच. गेल्या महिन्यात तुम्ही ज्या एका माणसाबद्दल पक्कं मत बनवलंत, त्याचं नाव वहीत लिहा आणि खाली कारणं लिहा. कारण सुचलं नाही, तर ते जजमेंट नव्हतं. मग आधी त्या माणसाशी बोला, आणि त्यानंतर ठरवा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंद्याला शुभेच्छा!