कोलाडपर्यंत कसे जायचे?

मुंबईहून गोव्याकडे निघालेल्या मोटारी रेल्वेच्या पाठीवर चढवून न्यायची कल्पना कोकण रेल्वेने २०२५ च्या गणपतीत काढली. मालमोटारी १९९९ पासून अशा जातातच. आता कुटुंबाची मोटार. कोलाडला चढवायची, रातोरात गोव्यातल्या वेर्ण्याला उतरवायची. भाडे ७,८७५ रुपये, माणसांचे तिकीट वेगळे. एका मोटारीमागे तिघांनाच जागा. चौघांच्या घरातल्या कोणाला कोलाडच्या फलाटावर ठेवायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पण खरी थट्टा पुढेच आहे. कोलाडपर्यंत जायचे कसे? त्याच मुंबई-गोवा महामार्गाने! पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले. तेव्हा पहिलीत गेलेली मुले आज मतदार आहेत. ‘यंदाच्या जूनपर्यंत रस्ता पूर्ण’ असे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०२५ च्या एप्रिलमध्ये सांगितले होते. जून गेला, खड्डे राहिले. ज्या टप्प्याने प्रवाशांची हाडे खिळखिळी केली, तोच पार करून या सुखाच्या गाडीत बसायचे आहे. शिवाय चिपळूण, रत्नागिरीला जाणाऱ्याने गोव्यात उतरून करायचे काय? ओरड झाल्यावर वाटेत सिंधुदुर्गातल्या नांदगावचा थांबा जोडला गेला, म्हणजे चाकरमानी कुठे राहतो हे आधी कोणी विचारलेच नव्हते.

पर्यायांची जंत्री मोठी आहे. ‘वंदे भारत’ एरवी पावणेआठ तासांत मडगावला नेते; पावसाळ्यात तिलाही दहा तास लागतात आणि ती आठवड्यातून तीनच दिवस धावते. विमान तासाभराचे; पण गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ गजबजलेले असताना सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाची मुंबईसेवा मात्र रडतखडत चालून थांबली. समुद्राचे तर नावच नको. एकेकाळी कोकणी माणूस बोटीनेच मुंबईला येई. २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ ही क्रूझ बोट आली ती हौशी पर्यटकांसाठी, आणि दोन वर्षांत थांबली. २०२५ मध्ये मुंबईहून बोटीने जयगड तीन तासांत, विजयदुर्ग पाच तासांत, अशी नवी घोषणा झाली. बोट लागेल तेव्हा खरे.

या साऱ्या सोयी खिसा गरम असलेल्यांच्या. बाकीच्यांसाठी एसटी. गणपतीला गावी निघालेली ही बस माणगावच्या बाजारपेठेत अडकते, मांडीवर मखराचे सामान, पायाशी पिशव्या, खिडकीतून घेतलेला वडापाव हातात, आणि तासाभराने बस कशीबशी दोन दुकाने पुढे सरकते. माणगाव-इंदापूरची बाह्यवळणे झाली असती, तर ही वेळ आली नसती.

रेल्वेचेही तेच. ७४१ किलोमीटरच्या मार्गात रोहा ते वीर एवढ्या ४६ किलोमीटरवरच दुसरा रूळ पडला आहे. बाकी एकाच रुळावर गणपती स्पेशल, मालगाड्या, राजधानी आणि आता मोटारींची गाडी. एकीला वाट द्यायला दुसरी क्रॉसिंगला तिष्ठत उभी. आरक्षण उघडताच संपते, त्याचे मूळही इथेच आहे. रूळ न वाढवता गाड्या वाढवणे ही शुद्ध धूळफेक आहे.

सरकारला नव्या सेवेला झेंडा दाखवायची हौस आहे, जुने काम संपवायची नाही. मोटारींच्या गाडीत ४० जागा आहेत आणि १६ मोटारी जमल्या नाहीत तर फेरी रद्द होऊ शकते. तसे झाले तर प्रवाशांना बोल लावू नये. आधी इंदापूर-माणगावचा रस्ता मोकळा करावा आणि वीरच्या पुढे दुसरा रूळ टाकायला घ्यावा.