चार चौकटींतले घर

गेल्या रविवारी मिस्सा सुटल्यावर आम्ही देवळाच्या ओट्याजवळ उभे होतो. सहासात मुले पायरीवर ओळीने बसली होती. माना खाली, ओठ किंचित हलत असलेले, बोटे झरझर फिरत असलेली. खेड्यावरून आलेल्या एका आजोबांनी ते दृश्य पाहिले आणि ते मोठ्या समाधानाने म्हणाले, "पहा, पोरे अजून जपमाळ म्हणताहेत!" जवळ जाऊन पाहतात तो प्रत्येकाच्या हाती मोबाईल, आणि ओठांवर जे होते ते 'मागे बघ, मागे बघ, मार!' असे होते. आजोबांचा उतरलेला चेहरा आम्हांला अजून विसरवत नाही.

वैनगंगेकाठच्या धानाच्या बांधांपासून भरवेलीच्या मँगनीज खाणीपर्यंत आपल्या बालाघाट जिल्ह्यात हे यंत्र न पोहोचलेले घर आता विरळाच. त्याविषयी तक्रार करणारी पत्रे आम्हांकडे नेहमी येतात. परंतु आजचा विषय थोडा निराळा आहे. त्याच ओळीत एक मुलगा बसला होता, तो मात्र खेळत नव्हता. खेळणाऱ्यांकडे पाहून तो वहीत काहीतरी रेखाटीत होता. आम्हांस पाहताच तो उठला व म्हणाला, "काकाजी, मला या गेम खेळणाऱ्यांची चित्रकथा करायची आहे. मोबाईलवर सगळ्यांना वाचता येईल अशी. कशी करावी?" मग खाली पाहून त्याने हळूच पुस्ती जोडली, "पहिल्या वहीतले चित्र बाबांनी फाडून टाकले."

का फाडले, ते आम्ही शेवटी सांगू. आधी मुलाच्या प्रश्नाचे उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे. आणि ते त्याच्या वडिलांनीही वाचावे, अशी आमची इच्छा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. चित्रांच्या ओळीने गोष्ट सांगणे ही काही परदेशातून आलेली थेरे नव्हेत. आपल्या प्रत्येक देवळाच्या भिंतीवर क्रुसाच्या वाटेची चौदा स्थाने लावलेली असतात. ज्या आजीला अक्षरओळख नाही तीही ती चित्रे क्रमाने वाचते व डोळे पुसते. प्रत्येक चित्रात एकच क्षण घेतलेला असतो. आपला प्रभू तिसऱ्या, सातव्या आणि नवव्या स्थानी पडतो. प्रसंग तोच, पण दर वेळी ओझे अधिक जड झालेले आपणांस जाणवते. चित्रमालिका काढू पाहणाऱ्या मुलाने येत्या शुक्रवारी या चौदा चित्रांपुढे थोडे अधिक थांबावे. प्रार्थना तर होईलच, शिवाय पुष्कळ शिकावयासही मिळेल.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारचे आहे. कान्हाच्या जंगलापलीकडे मंडला व दिंडोरी हे जिल्हे आहेत. तेथील परधान गोंड चित्रकारांनी आपल्या रेषा जगभर पोहोचविल्या. दिंडोरीतील पाटणगढचे भज्जू श्याम लंडनला एका उपाहारगृहाच्या भिंती रंगविण्यासाठी गेले आणि परत आल्यावर त्यांनी तेथील अनुभवांचे चित्रपुस्तक केले. ते २००४ साली प्रसिद्ध झाले. लंडनचे प्रसिद्ध घड्याळ त्यांनी कोंबड्याच्या रूपात दाखविले, कारण गावात वेळ सांगतो तो कोंबडाच. जमिनीखालून धावणारी आगगाडी त्यांना गांडुळासारखी दिसली. जे नवे पाहिले ते त्यांनी आपल्या अंगणातल्या प्राण्यांच्या रूपाने समजून घेतले.

पुढे २०११ साली दुर्गाबाई व सुभाष व्याम या दांपत्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनावर 'भीमायन' ही चित्रकथा रेखाटली. तीत मायेचे बोल पक्ष्याच्या आकारात लिहिलेले आहेत आणि विखारी बोलांना विंचवाची नांगी जोडलेली आहे. वाचण्यापूर्वीच डोळ्यांना कळते की हे बोलणे दंश करणारे आहे. गेम खेळताना मुले एकमेकांना जे शब्द देतात, त्यांना कोणता आकार द्यावा, याचा विचार आमच्या चित्रकाराने अवश्य करावा. मात्र आकार आपला स्वतःचा शोधावा.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू.

पात्रे दोनतीनच घ्यावीत. खेळणारा मुलगा, त्याची बहीण आणि एखादे आजोबा एवढे पुरे. प्रत्येकास दुरून ओळखू येईल अशी एक खूण द्यावी. एकाचे उभे केस, एकीची वेणी, एकाची काठी. चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' १९९१ साली पुण्याच्या 'सकाळ'मधून सुरू झाला, तोही अशाच एका घरातला व एका गल्लीतला मुलगा. राजवाडे नाहीत, राक्षस नाहीत. तरी मराठी घरांनी त्याची वर्षानुवर्षे वाट पाहिली.

एका मालिकेत प्रसंग एकच असावा. तो आजीला दोन वाक्यांत सांगता येत नसेल तर चार चौकटींतही मावणार नाही, हे समजावे. पहिल्या चौकटीत कोण व कोठे, दुसरीत काय सुरू झाले, तिसरीत वळण, चौथीत शेवट. शरद शर्मा यांच्या 'वर्ल्ड कॉमिक्स इंडिया' या संस्थेने कधीही चित्र न काढलेल्या खेडुतांना याच रीतीने शिकविले. दोन कागद जोडावयाचे, चार चौकटी आखावयाच्या, आणि तयार झालेली गोष्ट गावाच्या भिंतीवर लावावयाची.

शब्द आधी लिहावेत आणि त्यांच्याभोवती फुगा नंतर काढावा. नवशिका नेमके उलट करतो आणि मग शेवटची अक्षरे कोपऱ्यात चेंगरतात. जो प्रथम बोलतो त्याचा फुगा डावीकडे व वर असावा. मोबाईलचा पडदा लहान, म्हणून अक्षरे मोठी असावीत. वही हात लांब करून धरली असता वाचता आली तर ठीक. चौकटी एकीखाली एक ठेवाव्यात, कारण वाचणारा अंगठ्याने पान वर सरकवितो. पेन्सिलीने फिकट आखून काळ्या पेनाने गिरवावे, शाई वाळल्यावरच रबर फिरवावे, आणि खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात, आपल्या हाताची सावली पडू न देता छायाचित्र घ्यावे. यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागत नाही. शेवटी, वार ठरवावा व तो मोडू नये. चार मालिका हाताशी तयार असल्याखेरीज पहिली बाहेर पाठवू नये.

कंपन्यांच्या गेममधील पात्रे जशीच्या तशी उतरवू नयेत. ती दुसऱ्याची मालमत्ता आहे. आपल्याला हवी आहेत ती माणसे पडद्याच्या आत नाहीत, पडद्यासमोर बसलेली आहेत.

येथे आम्ही आईबापांनाही थोडे शिकवू इच्छितो, कारण मुलांकडून विचारपूस करून आम्हीही ते नुकतेच शिकलो आहो. मुलगा "शेवटचा डाव" म्हणतो तेव्हा तो नेहमीच थाप मारीत नसतो. 'बीजीएमआय' या गेममध्ये शंभरपर्यंत खेळाडू एका बेटावर उतरतात व अखेरपर्यंत जो टिकतो तो जिंकतो. असा डाव अर्धा तासही चालू शकतो. ठिकठिकाणची मुले एकत्र खेळत असल्यामुळे तो कोणा एकासाठी मध्येच थांबविता येत नाही. उठून गेले तर सोबत्यांना सोडून पळाल्यासारखे होते. मुलाच्या मनात मैत्री आणि आईची हाक यांची ओढाताण चाललेली असते. तेव्हा जेवणाची हाक अर्धा तास आधी द्यावी आणि मुलाने त्यानंतर नवा डाव मांडू नये, एवढा करार केला तरी पुष्कळ भांडणे मिटतील. उत्तम चित्रमालिका हेच काम करते. ती खेळणाऱ्याचे मन न खेळणाऱ्याला दाखविते, आणि न खेळणाऱ्याचे खेळणाऱ्याला.

अमेरिकेत १९९८ साली जेरी होल्किन्स व माइक क्राहुलिक या दोन मित्रांनी गेम खेळणाऱ्यांवर 'पेनी आर्केड' नावाची चित्रमालिका इंटरनेटवर सुरू केली. एकाने लिहावे, दुसऱ्याने रेखाटावे. तिची भाषा पुष्कळदा शिवराळ असते, म्हणून ती मुलांच्या हाती द्यावी असे आम्ही म्हणणार नाही. परंतु २००३ साली त्याच दोघांनी वाचकांना हाक देऊन रुग्णालयातील मुलांसाठी खेळणी गोळा करण्यास आरंभ केला, आणि पुढे त्यातून एक मोठी धर्मादाय संस्था उभी राहिली. थट्टेच्या चार रेघांभोवती जमलेली माणसे दयेच्या कामीही येतात, हे ध्यानी ठेवण्याजोगे आहे.

यात धोका नाही असे मात्र कोणी समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली गेमच्या व्यसनाला आजारांच्या यादीत स्थान दिले. आवर घालता न येणे, इतर सर्व गोष्टी मागे पडणे, हानी दिसत असूनही खेळत राहणे, आणि हे साधारण वर्षभर चालणे, ही त्याची लक्षणे आहेत. सुटीत चार दिवस खेळणारा मुलगा रोगी नव्हे. पण ही लक्षणे दिसत असतील तर मारहाण न करता वैद्याकडे न्यावे. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन गेमवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी घातली. आमच्या चित्रकाराने हा विषयही घ्यावा. आणि त्यात मुलेच नव्हे, तर धान विकून आलेले पैसे मोबाईलवरच्या पत्त्यांत घालविणारे मोठे लोकही दाखवावेत.

मुलांना हवा तर एक संतही आहे. संत कार्लो अक्युतिस याच्याकडे प्ले-स्टेशन होते व त्याला ते आवडेही. परंतु त्याने स्वतःवर आठवड्यास एक तासाचे बंधन घालून घेतले होते. उरलेल्या वेळी त्याने संगणकावर पवित्र मिस्साच्या संस्काराशी निगडित चमत्कारांची माहिती संकलित केली. २००६ साली अवघ्या पंधराव्या वर्षी तो वारला, आणि ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्यास संतपद दिले. खेळाचा त्याने द्वेष केला नाही. फक्त त्याला त्याची जागा नेमून दिली.

आता त्या फाटलेल्या पानाविषयी.

मुलाने आम्हांस ते तोंडी सांगितले. पहिल्या चौकटीत आई चुलीपाशी ताटे वाढते आहे व हाक मारते आहे. दुसरीत मुलगा मोबाईलवरून मान वर न करता म्हणतो, "शेवटचा डाव." तिसरीत बाप खाटेवर पडल्या पडल्या आपल्या मोबाईलकडे पाहत म्हणतो, "शेवटचा व्हिडिओ." चौथ्या चौकटीत शब्द नाहीत. आई एकटी जेवते आहे, आणि समोर दोन ताटे झाकलेली आहेत.

वडिलांनी ते फाडले. "अभ्यास सोडून हे काय," असे ते म्हणाले खरे. पण चित्र नुसते मूर्खपणाचे असते तर ते इतके रागावले नसते, असे आम्हांस वाटते. या गृहस्थास आम्ही ओळखतो. दिवसभर राबणारा, प्रामाणिक माणूस आहे. म्हणूनच त्यास एक गोष्ट आठवून देण्याचे धाडस करतो. नाथान संदेष्टा दावीद राजाकडे गेला आणि त्याने एका गरिबाच्या एकुलत्या मेंढीची कथा सांगितली. राजा त्या कथेतल्या धनवानावर संतापला, आणि मग त्यास उमगले की तो धनवान आपणच. दावीदाने संदेष्ट्यास हाकलून दिले नाही. त्याने आपली चूक पदरात घेतली.

मुलाचीही चूक आहे, ती आम्ही त्यास सांगितली. ते चित्र त्याने वडिलांना दाखविण्याआधी मित्रांना दाखविले होते. घरातल्या माणसाचे चित्र काढावयाचे तर ते प्रथम त्याच्या हाती द्यावे; त्याने नको म्हटले तर गावाला दाखवू नये. आणि पहिल्या काही मालिकांत हसू व्हावे ते आपलेच, असे ठरवावे. जो स्वतःला हसतो त्याच्या थट्टेचा इतरांनाही राग येत नाही.

गोव्याचे थोर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा लहानपणी घराच्या भिंतींवर रेघोट्या ओढीत. त्यांच्या आईने त्यांना एक कोरी वही आणून दिली. आपली रोजची माणसे, लग्ने, मिरवणुका आणि धर्मगुरूही त्यांनी वह्यांत उतरविले. आणि आज त्या काळचा गोवा पाहावयाचा तर लोक त्यांच्याच चित्रांकडे जातात. ती आई भिंत खराब झाली म्हणून रागावून थांबली असती तर केवढा ठेवा आपण गमावला असता!

त्या मुलाच्या आईने फाटलेल्या पानाचे तुकडे टाकून दिलेले नाहीत. ते तिने आपल्या प्रार्थनापुस्तकात जपून ठेवले आहेत. बापलेक पाच दिवस एकमेकांशी धड बोललेले नाहीत, असे कळते. हा अंक त्यांच्या घरी शनिवारी पोहोचेल. वडिलांनी त्या संध्याकाळी ते तुकडे मागून घ्यावेत आणि मुलास जवळ बसवून कागदावर चिकटवावेत. मात्र आधी जेवावे, आणि तिघांनी मिळून जेवावे.