जुन्या संगणकाला नवी हार्डडिस्क

शिरूर कासार तालुक्यातील एका भगिनीने विचारले आहे : मुलीच्या अभ्यासासाठी पुण्याहून जुना संगणक आणला. तो सुरू व्हायलाच दहा मिनिटे लागतात. दुकानदार म्हणतो, भंगारात द्या, नवा घ्या. काय करावे?

ताई, घाई करू नका. अशा संगणकात बहुतेक वेळा दोष डोक्यात नसतो, पोटात असतो. हार्डडिस्कमध्ये एक तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरते आणि एक छोटा दांडा तिच्यावर पुढे-मागे धावून माहिती शोधतो. वर्षानुवर्षे राबलेली तबकडी रखडते आणि सारा संगणक तिची वाट पाहत बसतो. एसएसडी नावाच्या नव्या डिस्कमध्ये फिरणारे काहीच नाही, म्हणून तीच पेटी ती बसवल्यावर ओळखू येत नाही.

पैसे काढण्याआधी प्लग काढून पेटीचे एका बाजूचे झाकण उघडावे व डिस्कला गेलेली वायर पाहावी. चार बोटे रुंद, राखाडी, रिबिनीसारखी पट्टी असेल तर तो आयडीई जातीचा, फार जुना संगणक. त्यावर खर्च करू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. बोटभर रुंदीची बारीक वायर असेल तर ती साटा. ही पद्धत २००३ पासून आली. तिला अडीच इंची साटा एसएसडी मागावी. दुकानदार च्युइंगमच्या पट्टीसारखी एम-टू डिस्क पुढे करील, पण ती बसवायला जुन्या बोर्डावर जागाच नसते. नवी साटा डिस्क जुन्या साटा जोडणीवर चालते. वेग थोडा उतरतो इतकेच.

अभ्यास, शिष्यवृत्तीचे अर्ज, फोटो यांना २४० किंवा २५६ जीबी पुरते. जुन्या बायोसच्या संगणकात विंडोज असलेली डिस्क दोन टीबीच्या वर नेऊन उपयोग नाही, पुढची जागा वापरताच येत नाही. (५०० जीबीची डिस्क संगणकात ४६५ दिसते, तेव्हा दुकानदाराशी भांडू नये. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने.)

भांडायचे तर वेगळ्या गोष्टीवरून भांडावे. वापरलेल्या डिस्कवर नवे लेबल लावून ती नवी म्हणून विकली जाते. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम दुकानातच चालवून घ्यावा. डिस्क किती तास चालली ते त्यात दिसते. 'नव्या' डिस्कवर हजारो तास दिसले तर ती परत करावी. पक्के बिल घ्यावे, त्यावर डिस्कचा क्रमांक लिहून घ्यावा.

रॅमही पाहावी. ती दोनच जीबी असेल तर नुसत्या डिस्कने भागणार नाही, चार तरी हवी. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि विंडोज ११ जुन्या प्रोसेसरला अधिकृतपणे स्वीकारत नाही. म्हणून लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकून घ्यावे. दोन्ही फुकट आहेत, मराठी टायपिंगही होते. विहाराच्या अभ्यासिकेला देणगीत मिळालेल्या संगणकांनाही हाच उपाय लागू आहे.

मात्र जुनी डिस्क काढण्यापूर्वी तिच्यातील सारे दुसरीकडे उतरवून घ्यावे. जातवैधता प्रमाणपत्र, गुणपत्रिका, घरातल्या गेलेल्या माणसांचे फोटो, काय काय त्यात असते! डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर संगणक पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये. आधी जाणकाराकडे न्यावा.

जुनी डिस्क धडधाकट निघाली तर यूएसबी केसिंगमध्ये घालून तिचा साठवणीसाठी उपयोग होतो. आपल्या जिल्ह्यात हे विशेष सांगावेसे वाटते, कारण ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचे घर पाच-सहा महिने कुलूपबंद असते. एसएसडी विजेशिवाय फार काळ, त्यातही उन्हाच्या तापात पडून राहिली, तर, विशेषतः खूप वापरलेली असल्यास, तिच्यातील माहिती पुसट होऊ शकते. तेव्हा दिवाळीच्या सुमारास कुलूप लावण्याआधी कागदपत्रांची एक प्रत त्या तबकडीच्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क गावात राहणाऱ्या आजी-आजोबांच्या पेटीत कापडात गुंडाळून ठेवावी.