वास्कोची ओल आणि फिनेलची बाटली

आपल्या बडोद्यात घर झाडण्या-पुसण्याचा मोसम ठरलेला आहे. दसरा झाला, पावसाने पाठ फिरवली आणि ऊन करकरीत पडू लागले, की माळ्यावरची भांडी खाली उतरतात, गाद्या गच्चीवर जातात, आणि दिवाळीच्या आत घराचा कानाकोपरा लख्ख होतो. गोमंतकात मात्र हे पंचांग चालत नाही. तेथे वर्षाची मोठी झाडलोट चवथीपूर्वी, म्हणजे भर पावसाळ्यात करावी लागते. माटोळी बांधण्याआधी घर स्वच्छ झालेच पाहिजे. वास्को शहरात तर त्याही आधी, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, श्रीदामोदराच्या देवळात अखंड भजनाचा सप्ताह बसतो. एका साथीच्या दिवसांत सुरू झालेली ही प्रथा शंभरावर वर्षे चालू आहे. त्या वेळी घरोघरी पाहुणे उतरतात, आणि हवा इतकी सर्द असते की पखवाजाची पुडीसुद्धा सैल पडते.

गेली काही वर्षे मी पावसाळ्याचे दोन महिने मुलीकडे वास्कोस काढतो. त्या मुक्कामांत माझे एक मत पक्के झाले आहे. कोरड्या मुलखातील स्वच्छतेची रीत दमट मुलखात नेली, तर घर स्वच्छ होत नाही, उलट अधिक नासते. आपल्याकडे स्वच्छ करणे म्हणजे धुणे. बादलीभर पाणी ओतावे, खराट्याने घासावे, तासाभरात फरशी वाळून मोकळी. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे आपल्या तिपटीहून अधिक. आषाढ-श्रावणात ओतलेले ते पाणी वाळत नाही. ते भिंतीच्या पायाशी, पलंगाखाली, कपाटामागे मुक्काम करते. हवेतील आर्द्रता ७०-८० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली, की बुरशीस आणखी काही लागत नाही. चामड्याचा पट्टा, पुस्तकाची पाठ, रेशमी साडीची घडी, यांपैकी कोणतेही खाद्य तिला चालते. मग काळे ठिपके दिसले की गृहिणी फिनेल आणते, आणि पाण्यात घालून पुन्हा तीच भिंत ओली करते!

फिनेलच्या बाटलीशी माझे वैर नाही. मोरी तुंबली, घरात कोणास हगवण लागली, तर तिचा उपयोग आहे. परंतु रोज सकाळी लिंबाचा किंवा गुलाबाचा कृत्रिम वास दरवळला म्हणजे घर शुद्ध झाले, ही समजूत जाहिरातींनी आपल्या गळी उतरवली आहे. वास हा स्वच्छतेचा पुरावा नव्हे. शिवाय हे पाणी जाते कोठे, याचा विचार कोणी करीत नाही. गोव्यातील पुष्कळ घरांचे सांडपाणी अद्याप टाकीत आणि शोषखड्ड्यात जाते. टाकीतील मैला कुजविण्याचे काम जिवाणू करतात. जंतुनाशकाचा भडिमार झाला की तेच आधी मरतात. खालचा दगड जांभा, म्हणजे चाळणीसारखा सच्छिद्र. पेडणे-डिचोलीकडच्या परसात विहीर आणि शोषखड्डा यांत किती अंतर असते, हे ज्याने त्याने आपल्या डोळ्यांनी पाहावे.

याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. मुलीच्या इमारतीत गेल्या श्रावणात केरवारे करणाऱ्या एका बाईने न्हाणीघरातील बुरशी घालविण्यासाठी आधी ब्लीचिंग पावडर टाकली आणि तिच्यावर संडास धुण्याचे ॲसिड ओतले. पाऊस होता म्हणून खिडकी लावलेली. काही क्षणांत तिला श्वास घेता येईना. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात रणांगणावर वापरला तोच. बाई खोकत बाहेर पळाली म्हणून बचावली. दोन्ही बाटल्यांवर धोक्याचा इशारा छापलेला होता, परंतु बारीक अक्षरांत आणि इंग्रजीत. ज्यांच्या हाती आपण या वस्तू देतो त्यांस त्या वाचता येतात की नाही, हे पाहण्याची जबाबदारी घरच्या मालकिणीची आणि मालकाचीही आहे.

आता ‘नैसर्गिक’ सफाईचा उत्साहही मला तितकाच संशयास्पद वाटतो. खाण्याचा सोडा आणि शिरका एकत्र केला की फसफसते, आणि पाहणाऱ्यास काही तरी मोठे घडल्यासारखे वाटते. वस्तुतः दोघे एकमेकांचा जोर मारतात. वेगवेगळे वापरले तर दोन्ही कामाचे. गोव्यात माडाच्या ताडीचा उत्तम शिरका मिळतो. काचेवर आणि फरशीवर तो चालतो, पण संगमरवर व चुन्याची जमीन त्याने झिजते, आणि ब्लीचजवळ तर त्याला फिरकूही देऊ नये. रिठ्याचा फेस रेशमास आणि चांदीस चांगला, म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. त्या फेसाने मासे मरतात. टाकणखाराचे पाणी पुसून ठेवले तर बुरशी लवकर परतत नाही, मात्र डबी मुलांपासून दूर हवी. डांबराच्या गोळ्या कसरीसाठी आहेत, बुरशी त्यांना भीक घालीत नाही. ऊद-धुपाने मन प्रसन्न होते, ओल जात नाही.

खरी युक्ती जुन्या गोमंतकीय घरांत होती. कौलांच्या फटींतून वारा खेळे. शिंपल्यांच्या खिडक्यांतून मंद उजेड येई. भिंतीस शिंपा भाजून केलेला चुना. चुना हा कडक क्षारधर्मी, बुरशीस तो मानवत नाही. शिवाय तो ओल शोषतो आणि उघाडीला बाहेर सोडतो. आजच्या सिमेंटच्या भिंतीला प्लॅस्टिकच्या रंगाचा अंगरखा चढविला, की आतली ओल आतच कोंडते आणि पहिल्याच पावसात पोपडे धरते. त्या भिंतीला कपाटे चिकटवावयाची आणि दारे-खिडक्या बंद करून वातानुकूलन यंत्र लावावयाचे, यापरते बुरशीचे लाड ते कोणते? चार बोटे कपाट पुढे ओढा, उघाड मिळताच समोरासमोरच्या खिडक्या उघडा, पोतेरे घट्ट पिळून फिरवा आणि मागोमाग कोरड्या फडक्याने पुसा. या कामास बाजारातली एकही बाटली लागत नाही.

वास्कोत मात्र एक अडचण अशी आहे की तिच्यापुढे केरसुणी आणि शिरका दोन्ही हरतात. मुरगाव बंदरात उतरणाऱ्या कोळशाची काळी भुकटी. खिडकी उघडावी तर ती आत येते, लावावी तर ओल कोंडते. सकाळी पुसलेली फरशी संध्याकाळी पायाला काळी लागते. ही धूळ कोरड्या झाडूने उडते आणि छातीत जाते, म्हणून तेथे पिळलेले ओले फडकेच हवे. २०१७ साली बंदराच्या विस्तारावर जनसुनावण्या झाल्या, तेव्हा वास्कोकर दिवसच्या दिवस तेथे बसून बोलले. माझ्या मते तेही घर स्वच्छ ठेवण्याचेच काम होते. गृहिणीने पर्यावरणाची काळजी घ्यावी, असा उपदेश जे करतात, त्यांनी तिच्या खिडकीबाहेर काय चालले आहे तेही पाहावे.

बडोद्याच्या वाचकांस ही परगावची कथा वाटत असेल, तर ऑगस्ट २०२४ आठवावा. विश्वामित्रीचे पाणी घराघरांत शिरले, ओसरले, आणि पंधरा दिवसांत लोकांनी फिनेलने भिंती धुवून वर रंगही दिला. आमच्या नात्यातील दोन घरांत तो रंग संक्रांतीपर्यंतही टिकला नाही. खालून काळी नक्षी उमटली, आणि एका घरी नातवाचा खोकला हटेना. ओली भिंत वाळण्यास महिने लागतात. बुरशी आलेला गिलावा खरवडावा, तोंडाला फडके बांधून खरवडावा, कापसाच्या भिजलेल्या गाद्यांचा मोह सोडावा, भिंत थंडीभर उघडी ठेवावी, आणि पुढचा पावसाळा लागण्यापूर्वी चैत्रात चुन्याचा हात द्यावा. दिवाळीच्या पाहुण्यांनी ती एक वर्ष उघडी पाहिली तर पाहू द्यावी.