विभाग दोन, प्रश्न कळंबचा

पीएचडी करायची, विषय माध्यमांचा, विद्यापीठ पुण्याचं. आपल्या कळंब भागातल्या पोरांचं इथवर ठरलेलं असतं. अडतं ते पुढे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात या विषयाचे विभाग दोन. एक फर्ग्युसन रस्त्यावरचा संज्ञापन व वृत्तपत्रविद्या विभाग, 1964 पासूनचा. सगळा महाराष्ट्र त्याला रानडे इन्स्टिट्यूट म्हणतो. दुसरा गणेशखिंडीच्या आवारातला माध्यम आणि संज्ञापन अभ्यास विभाग. नेट परीक्षेचा विषय एकच, पदवीवर विद्यापीठाचं नावही एकच. मग अर्ज कुठं भरायचा?

2021 मध्ये हे दोन विभाग एकत्र करून रानडेतला विभाग गणेशखिंडीला हलवायचं घाटत होतं. आजी-माजी विद्यार्थ्यांनी विरोध केला आणि सरकारने स्थगिती दिली. तो विरोध मला पटला होता. गावाकडून आलेली किती तरी मुलं त्या दगडी इमारतीत बातमी लिहायला शिकली आहेत. पण त्या वास्तूवरची माया हे पीएचडीला तिथंच जाण्याचं कारण होऊ शकत नाही.

कळंबकडचा एक मुलगा गेल्या आठवड्यात हाच प्रश्न घेऊन आला. ‘सर, दोन्हीकडं सारखंच आहे, मग चांगलं कुठलं?’ मी त्याला विचारलं, तुला शोधायचंय काय? त्याचं उत्तर ऐकून मी खुर्ची पुढे ओढली. सोयाबीनचं नुकसान झालं की 72 तासांत विमा कंपनीला कळवायचं, अशी पीकविम्यात अट होती. ही अट गावात कुणाला, कुठून आणि कधी कळली, हे त्याला शोधायचं होतं. पेपरातून की कृषी सहायकाकडून? व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरून, की पारावरच्या गप्पांतून? ज्याला चौथ्या दिवशी कळलं, त्याच्या हाती काय लागलं? वडिलांचं शेत पाण्याखाली गेलेलं पाहिलेल्या मुलाचा प्रश्न होता तो.

आता हाच प्रश्न एखाद्या गाइडच्या हाती गेला, तर तो जिल्हा आवृत्त्यांचे अंक काढायला लावेल: कोणत्या पानावर, किती कॉलममध्ये, कुणाच्या हवाल्याने बातमी आली. दुसरा गाइड म्हणेल, अंक राहू दे, चार गावांत जाऊन राहा, कुणाच्या फोनवर काय येतं ते बघ. दोन्ही कामं मोलाचीच, पण थिसिस दोन निराळे होतील. आणि हे दोन्ही गाइड एकाच विभागातही भेटू शकतात. म्हणून मी त्याला विभागांची तुलना बाजूला ठेवून आधी गाइड शोधायला सांगितलं.

त्यात जागांचं गणित आहे. 2022 च्या यूजीसी नियमांप्रमाणे प्राध्यापकाकडे एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकाकडे 6 आणि सहायक प्राध्यापकाकडे 4 संशोधक. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली असतील, तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. आपल्या मनातल्या सरांकडे जागाच नसते, आणि हे पोरांना मुलाखतीच्या दारात कळतं. ते आधीच विचारायला हवं. आंतरविद्याशाखीय काम असेल तर दुसऱ्या विभागातला सहमार्गदर्शक घेण्याची सोयही याच नियमांत आहे. तिची माहिती फार कमी जणांना असते.

कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, असा हा पल्ला. नेटमधून जेआरएफ फेलोशिप मिळाली तर महिना 37 हजार. नाहीतर सारथी, बार्टी, महाज्योतीच्या फेलोशिपच्या जाहिरातींवर नजर ठेवायची आणि पुण्यातल्या खोलीचं भाडं घरून मागवायचं. अडीचशे किलोमीटरवरचं घर तोवर सोयाबीनच्या भावावर चालतं. गाइड चुकला तर ही वर्षं कुणी परत देत नाही, म्हणून इतकं बारकाईने बघायचं.

मी त्याला शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर जायला सांगितलं. दोन्हीकडच्या गाइडच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध तिथं सापडले तर निष्कर्ष नंतर वाच, आधी संशोधन पद्धतीचं प्रकरण आणि संदर्भसूची बघ. माणसं प्रत्यक्ष भेटली आहेत की नुसत्या प्रश्नावल्या वाटल्या आहेत, हे तिथं कळतं. मग प्रबंध लिहिणाऱ्यांपैकी दोघा-तिघांना फोन करायचा आणि एवढंच विचारायचं: लिहून दिलेलं प्रकरण सरांच्या किंवा मॅडमच्या टेबलावर किती महिने पडून राहायचं? मराठीत लिहू देतात का?

तो यादी करायला लागला आहे. विभागाच्या नावाचा रकाना त्यात शेवटी ठेवलाय.