पारियाची लेक आणि प्रिटी येंडे

लिओ दलिब या फ्रेंच संगीतकाराचा ‘लाक्मे’ हा ऑपेरा १८८३ साली पॅरिसच्या रंगमंचावर आला. ऑपेरा म्हणजे गाऊन सादर करायचे नाटक, तेही ध्वनिक्षेपकाशिवाय. याचे कथानक इंग्रजी अमलाखालच्या भारतात घडते. नायिका ब्राह्मण पुजाऱ्याची मुलगी. बाप तिला भर बाजारात गायला लावतो आणि ती गाते एका पारियाच्या, म्हणजे अस्पृश्याच्या, मुलीची गोष्ट. ही मुलगी जंगलात श्वापदांनी घेरलेल्या अनोळखी वाटसरूला आपल्या घंटा वाजवून वाचवते. वाटसरू निघतो विष्णू आणि तो तिला स्वर्गात घेऊन जातो. उद्धार झाला तो देवाच्या मर्जीने; खाली जमिनीवर जात होती तशीच राहिली!

याच ऑपेरातले एक द्वंद्वगीत ब्रिटिश एअरवेजच्या जाहिरातीत वाजत असे. दक्षिण आफ्रिकेतल्या पीट रेटिफ या छोट्या गावी, काळ्यांच्या वस्तीत, सोळा वर्षांच्या प्रिटी येंडेने ते टीव्हीवर ऐकले आणि दुसऱ्या दिवशी शाळेत शिक्षकांना विचारले, हे काय होते? शिक्षकांनी सांगितले, याला ऑपेरा म्हणतात. तेव्हा मलाही ते शिकायचे आहे, असा तिने हट्ट धरला.

तिचा जन्म १९८५ चा. वर्णभेदी राजवट संपली १९९४ मध्ये. हे दोन आकडे महत्त्वाचे आहेत. १९५९ च्या कायद्याने गोऱ्यांच्या विद्यापीठांत सरकारी परवानगीशिवाय काळ्यांना प्रवेश बंद होता. ती वीस वर्षे आधी जन्मली असती तर आवाज हाच असता, पण केपटाऊन विद्यापीठाच्या संगीत महाविद्यालयाचे दार असे उघडे नसते. तेथे तिला व्हर्जिनिया डेव्हिड्स ही गुरू भेटली. वर्णभेदाच्या दिवसांतही ऑपेराच्या मंचावर उभी राहिलेली गायिका. २००९ मध्ये व्हिएन्नाच्या बेल्वेडेरे स्पर्धेत प्रिटी सर्व गटांत पहिली आली, २०११ मध्ये मॉस्कोत ‘ऑपेरालिया’ जिंकली, मिलानच्या ला स्काला अकादमीत शिकली. जानेवारी २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात ऐनवेळी मिळालेली भूमिका आठवडाभरात बसवून ती उभी राहिली. प्रवेश करतानाच अडखळून पडली, उठली आणि गायली. वय सत्तावीस. याच संस्थेत पहिल्या काळ्या एकल गायिकेला, मॅरियन अँडरसनला, १९५५ साली उभे राहू दिले तेव्हा ती सत्तावन्न वर्षांची होती. मधली तीस वर्षे प्रतिभेची नाहीत, दाराची आहेत.

आणि दार उघडले म्हणजे सारे संपले, असेही नाही. जून २०२१ मध्ये ती गाण्यासाठी पॅरिसला उतरली, तेव्हा विमानतळावर तिला अडवून ठेवले. आपले कपडे उतरवून झडती घेतली, असे तिने जाहीरपणे सांगितले. पोलिसांनी ते नाकारले. २०२३ मध्ये इंग्लंडच्या राजाच्या राज्याभिषेकात गायलेलीही हीच प्रिटी. राजाच्या दरबारात मान मिळतो, पासपोर्टच्या रांगेत कातडीच दिसते. आपल्या अधिकारी झालेल्या माणसांना हा अनुभव नवा सांगायला नको.

आता आपल्या घरातले बोलू. वस्तीत आवाजाची कमतरता कधीच नव्हती. जलशांनी चळवळ गावोगाव पोचवली ती याच गळ्यांतून. पण जयंतीच्या मंचावर सुरेल गाणाऱ्या मुलीने उद्या ‘मला गाणेच शिकायचे आहे’ म्हटले, तर आपण तिच्या हाती नर्सिंगचा फॉर्म देतो. पोटाची काळजी खरी आहे, त्याला मी नावे ठेवत नाही. परदेश शिष्यवृत्तीचा विषय निघाला तरी आपल्या डोळ्यांपुढे इंजिनिअरिंग आणि एमबीए येते, संगीत येत नाही. निदान विहाराशेजारच्या खोलीत रोज दोन तास एक पेटी आणि पगार देऊन ठेवलेला एक चांगला शिक्षक एवढे तरी होऊ शकते. वर्गणीची पावती पुस्तके आपल्याकडे आहेतच. खोलीही आहे, सध्या तिथे डीजेचे बॉक्स ठेवलेले असतात.